जस्ताचं पाणी

दादा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज चिडूनच लिहायला बसलेय.

काळेवाडीतली आपली खोली. धाकटा भाऊ दीड वर्षाचा, सर्दीखोकल्यानं छाती भात्यासारखी चाललेली. कंपनीचे डॉक्टर म्हणाले होते, "विषाणूचा आजार आहे, आपसूक उतरेल. पाणी पाजा, श्वासावर लक्ष ठेवा." पण नुसतं बसून राहणं तुम्हाला कधी जमलंय? तुम्ही कारखान्यात लोखंडी पत्र्यावर जस्ताचा मुलामा चढवणारे. जस्त चढलं की लोखंड सडत नाही, हे रोज डोळ्यांनी बघायचात. मग स्वतःच्या पोराच्या छातीला ते का लागू पडू नये? पहिली शिफ्ट करून आलात, जस्त पाण्यात उतरावं म्हणून मुलाम्याच्या डब्यात लिंबू पिळून साखरपाणी मुरत ठेवलंत आणि दिवेलागणीला त्याला चमच्यानं पाजायला बसलात. मी म्हटलं, "दादा, डॉक्टरांना विचारलंत का?" तुम्ही डोळे वटारलेत.

थोड्याच वेळात तो भडाभडा ओकायला लागतो. ओकता ओकता ठसका लागतो, श्वास अडकतो, ओठ काळेनिळे पडतात. आई चुलीपासनं धावत येते, डब्यातलं पाणी चाखते आणि थुंकते. "अवं, काय पाजलंत ह्याला? माझं पोर हाय त्ये, तुमच्या कंपनीचा पत्रा न्हाई!" तिनं त्याला मांडीवर पालथं घालून पाठ थोपटली. तो रडला तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला. तुम्ही मात्र उंबऱ्यातच उभे. भाऊ वाचला, चांगला धडधाकट झाला. पण घरात कुणी आजारी पडलं की तुम्ही बाहेर जाऊन बसायचात, आणि आत या असं तुम्हाला कुणी म्हणायचं नाही. मीही नाही. एवढा राग होता मला तुमचा.

आज माझ्या नातवाला तसाच खोकला. डॉक्टरीणबाईंना विचारलं, "लहान मुलांना जस्ताचं औषध देतात ना हो?"

"देतात आजी, जुलाबावर, मोजून. अशा सर्दीखोकल्यावर उपयोग होतो असं ठाम सांगता येत नाही."

बरोबरच बोलत होती बिचारी. तरी तुमची बाजू घेऊन माझा आवाज चढला. "ठाम नाही म्हणजे अगदीच खोटंही नाही ना?" बाहेर पेशंट ताटकळलेले, सून माझा हात ओढतेय, मी खुर्ची सोडायला तयार नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहू दे माझ्यापाशीच. पण खरं सांगते, कंटाळून ती डॉक्टरीण "होतही असेल थोडाफार" म्हणाली, तेव्हाच मी उठले.