बहिणीच्या दारात बस थांबावी म्हणून

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, व्यवसाय आमदारकी, सलग पाचवी खेप, आज पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दबावाखाली नाही, असे लिहून ठेवतो. माझ्या शुद्धीबद्दल विरोधी बाकांवरून वेळोवेळी शंका घेतल्या गेल्या. त्या सभागृहाच्या कामकाजातून काढून टाकण्यात आल्या असल्याने इथेही धरू नयेत. यापूर्वी मी पाच जाहीरनामे लिहिले, पण ते पाळण्याची सक्ती नव्हती. या कागदाला तशी सक्ती आहे असे वकीलसाहेब सांगतात, म्हणून हात जरा अडखळतो आहे.

कलम १. राहते घर, त्यातले सामान आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या बायकोला. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पुढच्या खोलीतला लांब बाक मात्र तिने लगेच मोडीत काढावा. पंचवीस वर्षे सकाळी सहापासून त्यावर परकी माणसे बसली, आणि तिला स्वतःच्या घरात केस मोकळे सोडून फिरता आले नाही. त्याबद्दल मी तिची माफी मागतो. तोंडाने कधी मागितली नाही, कारण बाकावर नेहमी कोणीतरी कान टवकारून बसलेले असे.

कलम २. उद्घाटनाच्या कात्र्या, एकशे चौदा नग, मुलीला. ती शिवणकाम करते आणि तिच्या मते यातली एकही कात्री कापत नाही. खरे आहे. फीत आधीच कापून टाचणीने जोडलेली असायची. टाचण्या स्वीय सहायकाकडे आहेत, त्याही तिने मागून घ्याव्यात.

कलम ३. माझ्या नावाच्या कोनशिला, एकूण सव्वीस. ज्यांच्यावर पुढे खरोखर इमारत उभी राहिली अशा नऊ जागच्या जागी राहू द्याव्यात. उरलेल्या सतरा उपटून बाजारामागच्या गल्लीत अंथराव्यात, तिथे गुडघाभर चिखल होतो. नावाची बाजू वर ठेवली तरी माझी हरकत नाही. माझ्या नावावर पाय ठेवायची लोकांची इच्छा असेलच, ती पुरी होईल आणि चपलाही कोरड्या राहतील.

कलम ४. माझ्याविरुद्ध चार वेळा पडलेल्या औषधदुकानदाराला माझा माईक. मी ‘विकास’ म्हणालो की माईक शिट्टी मारतो, दुसऱ्या कोणत्याही शब्दाला नाही. तीन मेकॅनिकांनी हात टेकले. दुकानदाराने मला भर सभेत ‘खुर्चीला चिकटलेला’ म्हटले होते. तेव्हा ते खोटे होते. आता खरे आहे, आणि का ते कलम ७ मध्ये येईल.

कलम ५. हे कलम म्हणजे कबुली आहे. माझ्याकडे रोज शंभर माणसे शिफारसपत्र मागायला येत. नाही म्हटले तर मत जाते, आणि सगळ्यांना हो म्हटले तर अधिकारी एकालाही विचारत नाहीत. म्हणून पहिल्याच वर्षी मी सर्व खात्यांशी तोंडी ठरवून टाकले. हिरव्या शाईची सही असेल तर काम करा. निळ्या शाईची असेल तर माणसाला खुर्ची द्या, पाणी द्या आणि पत्र विसरून जा. माझ्या स्वीय सहायकाला सगळा मतदारसंघ ‘होऊनजाईल’ या नावाने ओळखतो, कारण निळे पत्र हातात देताना तो प्रत्येकाला हेच म्हणायचा. लोक हसतमुखाने जात. त्यांच्या पाठीकडे बघून मला अनेकदा लाज वाटली, पण पुढचा माणूस आत आलेला असे.

कलम ६. मतदारसंघाची पुढची कामे. जो कोणी माझ्या जागी येईल त्याला तीन नंबरच्या कपाटाची किल्ली द्यावी. त्यात निळ्या पत्रांच्या प्रती आहेत. पूर्वेकडच्या शाळेचे छप्पर, दवाखान्याला कायमचा डॉक्टर, खाटीकगल्लीचा नळ, आणि एका शिंप्याचा अर्ज की रस्त्यावरचा दिवा बरोबर त्याच्या डोळ्यांवर येतो. शिंप्यापासून सुरुवात करावी. एक शिडी आणि एक माणूस लागतो. मी मात्र त्यावर दोनदा अभ्यासगट नेमला. होऊनजाईलने प्रत्येक अर्जदाराच्या घरी जाऊन माझ्या वतीने क्षमा मागावी आणि कोणालाही ‘होऊन जाईल’ म्हणू नये.

कलम ७. या कलमासाठीच बाकीचे मृत्युपत्र लिहिले.

मला एक थोरली बहीण आहे. आई गेल्यावर तिनेच मला लहानाचे मोठे केले. तिने जन्मात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. बस तिच्या दारावरून जाते आणि दोन किलोमीटर पुढे जाऊन थांबते, ती दारात थांबावी. अकरा वर्षांपूर्वी मी तिच्यासमोर पत्र लिहिले. त्या सकाळी साठ निळ्या सह्या झाल्या होत्या. हात चालू होता, त्याच पेनाने एकसष्टावी करून टाकली.

परिवहन खात्याने माझा शब्द पाळला. ताईला खुर्ची दिली, पाणी दिले आणि पत्र विसरले. मी फोन केला तर अधिकारी म्हणाला, “समोर कोणी बसलंय का, साहेब? बोला, बोला, मी ऐकल्यासारखं करतो.” मग मी हिरवे पत्र पाठवले. एकाच थांब्यासाठी एक निळे आणि एक हिरवे पत्र आल्याने त्यातले खरे कोणते हे ठरवायला समिती बसली. ती अजून बसलेली आहे. तिचा अध्यक्ष निवृत्त झाला, पण बैठकीला येतो. ताईने मात्र अबोला धरला आणि त्या बसमध्ये पाऊल ठेवायचे सोडले.

आता एकच वाट उरली आहे. विद्यमान सदस्य मरण पावल्यास त्याच्या नावाने एक बसथांबा, तीस दिवसांत, कोणत्याही समितीला न विचारता, आणि सदस्याने मृत्युपत्रात लिहिलेल्या जागीच, असा नियम आहे. तो मंजूर झाला तेव्हा मी सभागृहात डुलक्या घेत होतो, पण हात वर होता. तरी मी लिहितो की माझा थांबा ताईच्या दारात, पायरीपासून चार पावलांवर व्हावा.

नियमात ‘विद्यमान’ हा शब्द आहे. डॉक्टर म्हणतात, हृदय थकले आहे, आजच राजीनामा द्या आणि स्वस्थ पडून राहा, अजून दहा वर्षे जगाल. धावपळ चालू ठेवली तर मेअखेरपर्यंतचाही भरवसा नाही. विधानसभेची मुदत मेअखेरीलाच संपते. तेव्हा मी धावपळ चालू ठेवली आहे. मला मरायची हौस नाही. पण ताई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि पायी चालते.

पुरवणी. सह्या करायच्या वेळी घडलेले वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून लिहितो.

बायकोने फोन करून ताईला सगळे सांगून टाकले होते. ताई सहा किलोमीटर चालत आली, टेबलावरचा कागद उचलला आणि उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचला.

“शाई चुकली होती?” ती म्हणाली. “मला वाटलं, आमदार झाल्यावर तुला माझी लाज वाटायला लागली.”

“नाही गं ताई. हात चुकला.”

“आणि आता खुर्चीत बसून मरणार तू? माझ्या दारात बस थांबावी म्हणून?”

“तीस दिवसांत थांबेल. नियमच आहे तसा.”

“अरे गाढवा, थांबली तर मी जाऊ कुठं? तुझ्याकडे यायलाच तर हवी होती ती मला. दुसरं कोण आहे माझं?”

मला रडू आले, तेही लिहून ठेवतो.

ताईने वकीलसाहेबांकडे पेन मागितले. ते घाबरून म्हणाले, “बाई, तुम्ही साक्षीदार होऊ नका. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार, त्यानेच साक्षीला सही केली तर त्याचं कलम रद्द होतं.”

“सगळा कागद रद्द होतो?”

“नाही. फक्त तुमचं कलम.”

“मग दाखवा कुठं करायची.”

सबब कलम ७ रद्द. बाकीची कलमे कायम. राजीनामा ताईने माझ्याकडून समोर बसवून लिहून घेतला असून तो उद्या सकाळी जाईल.

सही: आमदार, उद्या सकाळपर्यंत

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी, मुदत संपायला एकशे नऊ दिवस बाकी असताना

साक्षीदार १: शेजारचे घड्याळजी. यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, आणि तसे त्यांनी दोनदा विचारून घेतले आहे.

साक्षीदार २: आमदारांची थोरली बहीण. पत्ता: बस थांबत नाही तिथे. आठवडाभर मुक्काम भावाकडे.