हिरवी चिंधी कुठली

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघे आणि कंबर सध्या माझं ऐकत नाहीत, तेव्हा आठांपैकी पाच अंगांचा धरून घे.) तुझा दमा कसा आहे? भावजींचं कानयंत्र कानात बसलं, की अजून खिशातूनच ऐकतात? माझं बरं चाललंय म्हणायचं. ही गेल्याला चौदा महिने झाले. घरात आवाज तो शिवणयंत्राचा, आणि तयार कपड्यांच्या कृपेनं तोही आठवड्यातून दोनदा. उरलेल्या दिवशी मी नळ उघडून बंद करतो, तेवढीच जाग.

रविवारी कुठे असतोस, असं तू विचारलं होतंस. रानात असतो. म्हातारपणी वैराग्य आलं की काय, अशी काळजी करू नकोस, कुदळ घेऊन जातो. गावामागचं ते जुनं रान शेकडो वर्षांचं, आणि गेली तीस वर्षं लोकांनी त्याचा उपयोग फाटक्या गाद्या टाकायला केला. (एका झुडपात तर आख्खं कपाट निघालं, आत हँगरसकट.) वर कुठून कुठून आलेली उपरी झाडं अशी माजली, की मूळच्यांना ऊन मिळेना. ते साफ करायला बारा-पंधरा माणसं जातात. त्यात ही पहिल्यापासून होती. ही गेल्यावर तिचे हातमोजे परत करायला म्हणून गेलो, तर म्होरक्या बाईंनी ते माझ्याच हातात चढवले. बाई पस्तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या, त्यांना नाही म्हणणारा अजून जन्मायचाय.

रानाच्या मधोमध एक अवाढव्य झाड आहे, त्याला सगळे आजोबा म्हणतात. निम्मं पोकळ, निम्मं वाळवीचं, तरी उभं. कुणाच्याही आठवणीत त्याच्या बीचं एक रोप जगलेलं नव्हतं. यंदा गाद्या उपसल्या, तर त्यांच्या आडोशाला अकरा रोपं सापडली, कमरेएवढी. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ परत लावलाच नाही. मलाही भरून आलं. ही असती तर, असं मनात आलं आणि मी दुसरीकडे बघून नाक शिंकरलं.

आता माझ्या कर्तबगारीकडे येतो. शिंपी म्हटल्यावर चिंध्यांचं काम माझ्याकडे आलं. लाल चिंधी म्हणजे तोडायचं, हिरवी म्हणजे ठेवायचं. कापड माझ्या शेजारच्या दुकानातल्या कापडवाल्यानं फुकट दिलं, तोही रविवारी रानात यायचा. (चाळीस वर्षं आमच्या भिंती एक, भांडणंही एकच, की चहा आज कुणाकडून.) बाई पुढे काठीनं दाखवत जायच्या, मी मागून बांधत जायचो. लाल डाव्या खिशात, हिरव्या उजव्या. नेमका त्या रविवारी डावा खिसा फाटला. जन्मभर गावाचे खिसे शिवले आणि स्वतःचा राहिला, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दोन्ही चिंध्या एका खिशात कोंबल्या आणि बांधत सुटलो.

पुढच्या रविवारी करवतवाले आले. ते काही विचारणारे लोक नव्हेत, लाल दिसलं की आडवं. दुपारी बाई पोचल्या तेव्हा आजोबांची अकराही नातवंडं ओळीनं निजवलेली होती, आणि पलीकडे उपरी झाडं हिरवे पट्टे मिरवत उभी होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि ताई, माझ्या तोंडून निघून गेलं की रंग कच्चा होता, दवानं एकाचा दुसऱ्याला लागला. कापडाबद्दल शिंपी बोलला, मग तपासणार कोण? कापडवाला समोरच उभा होता. त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं, डबा उचलला आणि घरी गेला. तीन रविवार तो आलेला नाही. दुकानातून मला पाहिलं की गज हातात घेऊन मोजलेलंच कापड पुन्हा मोजतो. गावात कच्च्या रंगाचा कापडवाला असं नाव झालंय त्याचं, आणि चहा मी एकटाच पितो. माझं तोंड वाईट, हे तू लहानपणीच म्हणायचीस.

बाकी ठीक. भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता.क. १. खरं काम राहिलंच. आजोबांचं बारावं रोप मला सापडलंय. धोंड्याआड होतं, म्हणून वाचलं. बाईंनी आता लाल बंदच केली. येत्या रविवारी ज्याला हिरवी चिंधी नसेल, ते जाणार. बाईंना सांगितलं, तर त्या म्हणतील, तुम्हीच बांधा. म्हणून सोबत दोन चिंध्या पाठवतोय, एकीचं टोक कातरलंय. हिरवी कुठली, ते उलट टपाली कळव.

ता.क. २. रंग कच्चा नव्हता. तुला ते पहिल्या ओळीपासून कळलं असणार. लाल आणि हिरवा मला जन्मापासून सारखेच, माझ्या खडूंवर खाचा करून देणारी तूच. माझ्या लग्नानंतर तू ते काम हिच्यावर सोपवलंस. तिनं चाळीस वर्षं प्रत्येक रिळाला गाठी मारल्या, लालला एक, हिरव्याला दोन, आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. रंगांधळ्या शिंप्याकडे कोण येणार? आता रिळं संपत आलीत आणि गाठी मारायला कुणी नाही.

ता.क. ३. पाकीट चिकटवताना लक्षात आलं, टपालाला चार दिवस लागतात आणि रविवार परवा आहे. तेव्हा चिंध्या घेऊन शेजारी गेलो, गल्ल्यावर ठेवल्या आणि विचारलं, यातली हिरवी कुठली? त्याला आधी वाटलं, जखमेवर मीठ चोळायला आलोय. मग त्यानं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. म्हणाला, वहिनी रिळं स्वतः निवडायला यायच्या, मी समजत होतो तुझा माझ्यावर भरवसा नाही. मी गाठींचं सगळं सांगितलं. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही. रविवारी सगळ्यांसमोर सांग, मग मी येतो, एवढंच म्हणाला. सांगणार आहे. धंदा बसला तर बसला.

तेव्हा पाकिटात चिंध्या शोधू नकोस. कातरलेली निघाली लाल. दुसरीला त्यानं जाताजाता दोन गाठी मारून दिल्या. हिच्यासारख्या नाजूक नाहीत, पण हाताला लागतात.