बारा नळ्या आणि नारळाचं पाणी

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

काय झालं, तेवढंच लिहिते.

१. बुधवारी खंडेनवमी. सकाळी अकराला वर्कशॉपमध्ये यंत्रपूजा.
२. परदेशातल्या एका कणभौतिकी प्रयोगशाळेसाठी आम्ही नळ्या करतो. स्टेनलेस, व्यास दोन मिलिमीटर. आतून द्रव कार्बन डायऑक्साइड उणे पस्तीसला वाहणार, त्याने त्यांचं कण टिपणारं शोधकयंत्र गार राहणार. एकूण अठ्ठेचाळीस. तपासणी माझ्याकडे, प्रमाणपत्रावर सही माझी.
३. त्यातल्या बारा धुऊन स्वच्छ खोलीत वाळत होत्या. टोकांची टोपणं काढलेली.
४. खंडेरावकाकांनी – आमचे सगळ्यात जुने वेल्डर – तो ट्रे उचलून पूजेच्या टेबलावर आणला.
५. नारळ फुटला. काकांनी झेंडूचं फूल नारळाच्या पाण्यात बुडवलं आणि ट्रेवर शिंपडलं. तीनदा.
६. त्या पाण्यात क्लोराइड असतं. क्लोराइडने स्टेनलेसला बारीक खड्डे पडतात.
७. काल दसऱ्याची सुट्टी. आज हीलियमची गळती चाचणी. बाराही पास.

पास होणारच. खड्डा पडायला वेळ लागतो. उणे पस्तीसला फार काही होणार नाही. यंत्र बंद असताना, खोलीच्या तापमानाला, जरा ओलावा मिळाला की – तेव्हा. आणि एकदा यंत्र मिटलं की दहा वर्षं आत हात जात नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

काल शनिवार, एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी. आज ट्रेमधल्या एका नळीतून शुद्ध पाणी सोडलं आणि वाहकता मोजली – पाण्यात क्षार मिसळले की ती वाढते. आत जाताना १.१. बाहेर येताना ४६. ट्रेमध्ये नसलेली एक नळी घेतली – १.३. म्हणजे आत गेलंय. शंका नाही.

दिनेश सरांना आकडे दाखवले. कंपनी त्यांची.

"अगं, तीर्थ आपण पितो! पाइपला काय होतंय?" हसले. मी हसले नाही म्हणून थांबले. "बरं, मग धुऊन टाक ना."

सांगितलं – वेल्डच्या आत बारीक फट असते. तिथलं निघालं की नाही, हे नळी कापल्याशिवाय कळत नाही. कापली की ती गेली. नवीन बारा करायला सहा आठवडे.

"सहा आठवडे ते थांबतील? आणि जानेवारीत जोडणीला तिकडे कोण जाणारे सहा महिने? तूच ना? मग!"

आकड्यांचा कागद माझ्याकडे परत सरकवला.

सोमवार, ६ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत खंडेरावकाका डबा घेऊन समोर येऊन बसले.

"निकिताताई, मी काय इख शिंपडलं का?"

नाही म्हटलं.

"चांदवडच्या रेणुकामातेचा नारळ होता. रांगंत उभा राहून आणला. दोन वर्षं त्या नळ्या जोडतोय मी, भिंगातून बघून बघून डोळे गेले. लेकी सासरी चालल्या म्हणलं. वटी भरल्याबिगर कशा धाडायच्या?"

क्लोराइडचं समजावलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लय बारीक असतंय म्हणा की हे. दिसत नाय."

दिसत नाही, म्हटलं. त्यांनी शेंगदाण्याची चटणी पुढे केली. घेतली. चव लागली नाही.

घरी आईने विचारलं, "चेहरा का असा?" काही नाही म्हटलं. ती मखमलाबादच्या मळ्यातून नुकतीच आलेली, झेंडू या वर्षी चांगला गेला म्हणून खुशीत. पूजेची फुलं आमच्याच मळ्यातली होती. मीच नेली होती स्कूटीवर.

बुधवार, ८ ऑक्टोबर

काही वाटत नाही. नोंद म्हणून लिहितेय.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "तुला प्रयोगशाळेला लिहायचंच आहे तर लिही. पण नीट लिही. सूचना असताना खंडेरावाने ट्रे बाहेर काढला – बस. तुझा संबंध नाही, माझा नाही."

बाहेर आले तर काका दारातच. ऐकलं होतं सगळं.

"माझंच लिहा, ताई. चौदाच महिने राह्यलेत माझे. घरी बसीन. तुम्हाला विमानात बसायचंय."

"काका, असं नसतं."

"मंग कसं असतंय?"

मी मशीनवर जाऊन बसले.

आता ते लिहिते. मी तिथेच होते. आरतीचं ताट माझ्या हातात. ट्रे बाहेर आला, पाहिलं. टोपणं नाहीत, पाहिलं. फूल बुडताना पाहिलं. क्लोराइड हा शब्दही डोक्यात आला – तेव्हाच, नंतर नाही! 'थांबा' म्हणायला एक सेकंद पुरला असता. पण सगळे हात जोडून उभे, काकांचे डोळे मिटलेले. पोरीने भर पूजेत टोकलं असं झालं असतं. एवढंच कारण. दुसरं शोधलं, सापडलं नाही.

माझ्या सात मुद्द्यांत हे नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

ट्रे रिकामा. काल सुट्टीच्या दिवशी अठ्ठेचाळीसही नळ्या पेट्यांत भरून मुंबई विमानतळाला गेल्या. सोबत प्रमाणपत्र. त्यावर माझी सही – मार्चच्या मालाच्या प्रमाणपत्रावरून स्कॅन केलेली.

"सुट्टीत तुला कशाला त्रास!" – सर.

काका दिवसभर माझ्याकडे आले नाहीत. मीही गेले नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सकाळी ९.१० ला प्रयोगशाळेला मेल पाठवला. प्रत सरांना. इंग्रजीत गेला, इथे मराठीत:

क्रमांक ३१ ते ४२ या नळ्या बसवू नयेत. आत क्लोराइड गेलं आहे, आकडे जोडले आहेत. प्रमाणपत्रावरची सही माझी दिसते, ती मी केलेली नाही. उघड्या नळ्यांवर नारळाचं पाणी पडत होतं तेव्हा मी समोर होते आणि मला परिणाम माहीत होता. थांबवणं माझं काम होतं. मी थांबवलं नाही. जानेवारीच्या जोडणीसाठी माझ्या जागी दुसरं कोणी घ्यावं. नळ्या बाजूला काढल्याचं शुक्रवार, १७ ऑक्टोबरपर्यंत कृपया कळवावं.