फक्त रविवारी चालवलेली गाडी

पार्से, पेडणे

ती. दत्तारामभावोजींस रुद्रेशचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. तुमचा गुडघा पायऱ्या चढू देतो का, आणि प्राजक्ताताई तुम्हाला गोड खाऊ देते का, ते कळवा. मोबाइल असताना पत्र कशाला, असं वाटेल. फोनवर बोललं की पल्लवी ऐकते, आणि हा विषय तिने ऐकण्यासारखा नाही.

मी गाडी घेतली हे ताईने सांगितलंच असेल. पल्लवीला नवी हवी होती. मी तिच्या दोन्ही भावांसमोर जुन्या गाडीच्या फायद्यांवर मोठं भाषण ठोकलं आणि तिने मुकाट्याने आपली ठेव मोडली. विकणारा म्हणाला, मालक पणजीचे निवृत्त मास्तर, गाडी फक्त रविवारी देवळापर्यंत जायची. मीटरवर बावीस हजार किलोमीटर. मी खूश. मग एकदा क्लचवरून पाय घसरला म्हणून वाकून पाहिलं, तर पेडलचं रबर झिजून पार गुळगुळीत. (मास्तर क्लचवर उभे राहून देवदर्शन घेत असावेत.) त्यात मागचं डावं दार काही केल्या उघडेना. मेकॅनिक कुलूप बदला म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, उजवं आहे की.

शिमगा झाल्यावर एका सकाळी हळर्णच्या चढावर गाडी कशी ओढते ते बघायला गेलो. फाट्यावर एका म्हातारीने हात दाखवला. डोक्यावर ओल्या काजूगरांची टोपली, म्हणून थांबलो. ती थेट त्या डाव्या दाराशी गेली, गुडघ्याने खाली एक धक्का दिला, हाताने वर एक हिसका दिला आणि दार उघडून आत बसली. टोपली मांडीवर घेऊन मला म्हणाली, "बाबा, सदचो डायवर खंय गेलो?"

नेहमीचा ड्रायव्हर! भावोजी, मला राग यायला हवा होता. आलाही, पण त्याआधी उत्सुकता आली. लक्ष्मीबाय तिचं नाव. तिच्याकडून कळलं की ही गाडी वर्षानुवर्षं हळर्ण ते पेडणे माणसं कोंबून नेत होती. मास्तर तिने कधी पाहिलेच नव्हते.

तक्रार करायची तर साक्षीदार हवेत. म्हणून आता मी रोज सकाळी त्याच रस्त्याने जातो. भाडं घेत नाही, नुसती चौकशी करतो. कोणी याच गाडीने कोल्हापूरच्या अंबाबाईला जाऊन आलंय, कोणाचं वऱ्हाड सावंतवाडीला गेलंय, एका सुनेला तर म्हापशाच्या अलीकडे मागच्या सीटवरच कळा सुरू झाल्या. मी मनातल्या मनात किलोमीटर मिळवत राहतो. मुलगा झाला की मुलगी, ते मात्र पेडणं आल्यामुळे राहून गेलं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. (मुलगी.) मला बँकेत काम असतं असं पल्लवीला सांगितलंय. पण ती ठेव तिने कशी जमवली ते मी पाहिलंय, भावोजी, आणि मला फार वाईट वाटतं. तिचे पैसे तिला परत मिळायलाच हवेत. तक्रार करणार म्हणजे करणार.

ताईला नमस्कार. पत्र तिच्या हाती लागू देऊ नका.

आपला,
रुद्रेश

ता. क. लक्ष्मीबाय साक्षीला तयार आहे. पण गाडी जप्त होणार असेल तर काजूचा हंगाम संपल्यावर, असं तिचं म्हणणं.

आणखी एक ता. क. खाणी जोरात होत्या तेव्हा तुमचे ट्रक होते, तेव्हा डिचोलीत मीटर मागे फिरवणारा कोणीतरी तुमच्या ओळखीचा असेलच. त्याला गुपचूप विचारून ठेवा. या चौकशीत माझे चार हजार किलोमीटर वाढलेत, आणि विकणारा म्हणेल, गाडी तुम्हीच झिजवली. तेव्हा मीटर पुन्हा बावीस हजारांवर आणून हवा आहे. फसवणूक सिद्ध करायची, तर पुरावा होता तसा दाखवायला नको का?