अकरा जण आणि पुठ्ठ्याचं यंत्र

७ जानेवारी
अकरा! फक्त अकरा! कॉलेजचा नियम असा, की बारा नावं असली तरच वर्ग भरणार. शुक्रवारी पाचला यादी बंद. रोजगार-प्रशिक्षणाची प्रमुख मी, आणि माझं घोडं एका माणसापाशी अडलंय.

गादी कारखाना बंद पडून वर्ष झालं. आता कुत्र्यांच्या बिस्किटांचा येतोय म्हणे. बिस्किटं पाकिटात भरायचं यंत्र चालवणारी माणसं आम्ही तयार करायची.

९ जानेवारी
गावभर फिरले. न्हाव्याने नाव दिलं, तासाभरात त्याच्या बायकोने फोन करून काढून घेतलं. पाद्री म्हणाले, वर्गात प्रवचन करू देणार असाल तर येतो.

व्हर्लीन वाटेत भेटली. वय एकसष्ट, एकोणतीस वर्षं गाद्या शिवल्या. अकरांत पहिलं नाव तिचं. वर्ग भरला नाही तर तिला गाव सोडून लेकीकडे ॲरिझोनाला जावं लागणार. तिथे खोली तयार आहे, पण त्यात मांजरही राहतं. 'मला मांजर आवडत नाही,' एवढंच म्हणाली.

११ जानेवारी
पाचला दहा मिनिटं कमी. स्वतःचंच नाव घातलं!

२८ जानेवारी
यंत्र आलंच नाही. कारखाना आला की यंत्र येणार, आणि माणसं शिकली की कारखाना येणार! आमचे अध्यक्ष डॉ. ओटेसन म्हणाले, थांबू नका, कल्पकता दाखवा.

दाखवली. फ्रिजच्या खोक्यांचं यंत्र केलं. लाल बटण रंगवलं. आमचे शिक्षक ऑर्विल मागे बसून घर्रर्र असा आवाज काढतात. लाल बटण दाबलं की गप्प होतात. काय सांगू, दुसऱ्या दिवसापासून कोणालाच त्यात वावगं वाटेना.

१९ फेब्रुवारी
ऑर्विलचा घसा बसला. दारावर पाटी लावली — यंत्र बंद आहे.

व्हर्लीनने त्यांना मध घातलेला चहा पाजला. म्हणे, तेल-पाणी वेळेवर नको का करायला?

१४ मार्च
विद्यार्थी म्हणून माझी चार दिवस गैरहजेरी, कारण प्रमुख म्हणून बैठका होत्या. नियमाप्रमाणे मीच मला ताकीदपत्र पाठवलं. मी समाधानकारक खुलासा दिला. मला तो फारसा पटला नाही, पण या वेळेपुरतं सोडून दिलं.

९ मे
सगळे पास! मी पहिली आले — लाजच वाटली. समारंभात फीत कापायला माणसाएवढी कात्री आणली होती, तिला धारच नाही. डॉ. ओटेसन फोटोसाठी हसत करकर करत राहिले. शेवटी व्हर्लीनने पर्समधून शिवणाची कात्री काढून फीत कापली.

१३ मे
कारखान्याचे व्यवस्थापक किप आले. बारा नेमणूकपत्रं आणली होती. मी हसत म्हटलं, माझं परत घ्या, मी आपली यादीपुरती!

ते हसले नाहीत.

'करारात बारा लिहिलंय, मॅडम. शिकलेले बारा कामावर घेतले तरच काउंटीची करसवलत. अकरा असतील तर आम्हाला दुसऱ्या काउंटीत जावं लागेल.'

मी डॉ. ओटेसनकडे पाहिलं. वाटलं, काहीतरी बोलतील. बोलले! 'म्हणजे शंभर टक्के नोकऱ्या! अहवालात काय उठून दिसेल!'

पुढचा वर्ग सप्टेंबरात. किप शुक्रवारपर्यंतच थांबणार. व्हर्लीन दारातच उभी होती, सगळं ऐकलं तिने. परवाच लेकीला फोन करून सांगितलंय, खोली देऊन टाक म्हणून. मला एका शब्दाने म्हणाली नाही की सही कर. म्हणाली असती तर नाही म्हणता आलं असतं.

रागाने जीव नुसता तडफडतोय. वीस वर्षं लागली मला प्रमुखाच्या खुर्चीपर्यंत यायला.

१७ मे
राजीनामा दिला. सोमवारपासून सकाळी सहाची पाळी. मुकादम व्हर्लीन. फोन आला होता तिचा — 'अगं, केस बांधून ये.'