हरवलेल्या किल्लीचा खुलासा

बडेबाबू, तुमच्याविरुद्ध तक्रार दाखल झाली आहे आणि तुमचा खुलासा हवा आहे. तुम्ही वारलात ही अडचण मी साहेबांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण पोर्टलवर तसा पर्याय नाही. मुदत टळली की तांबडं दिसतं, आपले गुण जातात." म्हणून लिहितोय. तुम्ही ज्याचे मसुदे फाडायचात तो कारकून आता बडेबाबू म्हणून तुमच्याच खुर्चीत बसतो; फक्त त्या खुर्चीला आता वेगळी खोली मिळालीय. तरी 'महोदय' लिहिताना हात अडखळला, म्हणून खोडलं.

आपल्याकडे सध्या सुधारणा मोहीम चालू आहे. प्रत्येक राजवटीला एक लागतेच. तुमच्या वेळी तक्रारपेटी आली होती, आता पोर्टल आलंय. भिंतींना रंग, दारात कुंड्या, लोकांना बसायला बाकं आणि एक कूलर. मग पथक येतं, फोटो काढतं, गुण देतं. कुंड्या शेलूबाजारहून जीपमध्ये आल्या आणि पथक गेल्यावर त्याच जीपनं परत गेल्या. कूलर तेवढा राहिला. तर या पथकाच्या मॅडमची नजर तुमच्या पेटीवर गेली. प्रत्येक मोहिमेत तिला कुलपासकट रंग दिलेला. किल्ली कुठाय विचारल्यावर सगळा हॉल एका सुरात म्हणाला, "हरवली." तुम्हीच तसं सांगून ठेवलं होतं. शिपायानं हातोडीनं कुलूप तोडलं. आतून दोन लग्नपत्रिका, एसटीचं एक तिकीट आणि घडी घातलेला एक कागद निघाला. मॅडमनी तो उलगडला आणि म्हणाल्या, "हे तर संस्कृत आहे!" निनावी तक्रार, बडेबाबू, आणि तीही संस्कृतात; मॅडमनी ती तिथंच पोर्टलवर चढवली. संस्कृत शिकून कारकुनी करणारा तालुक्यात एकच प्राणी होता. सगळे माझ्याकडे बघत होते, मी कुंडीकडे.

तो उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. हॉलमध्ये एकच पंखा, आणि तो तुमच्या डोक्यावर. मी नवा, घाम कोपरावरून उतरून मसुद्यावर पडायचा आणि शाई फुटली म्हणून तुम्ही मसुदा फाडायचात. किल्ली हरवलेली होती म्हणूनच मी निर्धास्त लिहिलं: हे लिपिकश्रेष्ठा, वायुदेव तुझ्या एकट्याच्या मस्तकाला प्रदक्षिणा घालतो आणि आम्ही इथे कढईत परतले जातो. असे तीन श्लोक. दुसऱ्या दिवशी तुम्ही तोच कागद घेऊन माझ्या टेबलाशी उभे. पेटी उघडली कशी, हे विचारणं म्हणजे कागद माझा हे कबूल करणं.

"काय बे शास्त्री, हे काय लिवलं आहे? आमच्या बापजाद्यायले या भाषेनं कधी काही सांगतलं नाही. तू तरी सांग."

वर्षातून एकदा दीक्षाभूमीसाठी रजा घेणारे तुम्ही, आणि व्याकरणात पहिला आलेला मी. मी म्हणालो, "या कार्यालयावर वायुदेवाची कृपा राहो, असं आहे."

"असं! मले वाटलं कोनी शिव्या देऊन राह्यला." आणि माझ्यासमोरच तुम्ही तो अर्थ पेन्सिलीनं समासात उतरवून घेतलात. आठवड्याभरात पंखा सरकून माझ्या टेबलावर आला. "वाऱ्यानं मान धरून राह्यली माही," तुम्ही म्हणालात. मी त्या मानेवर विश्वास ठेवला. निवृत्तीपर्यंत तुम्ही मला रोज विचारायचात, "काय शास्त्री, वायुदेवाची कृपा आहे ना?" आणि मी भक्तिभावानं मान डोलवायचो.

परवा तो कागद हातात आला. पेन्सिलीच्या ओळीखाली तुमच्याच अक्षरात, निळ्या शाईनं: 'शिरपूरच्या पंडितजीकडून खात्री केली. तक्रार खरी आहे. पंखा हलवला. पोराले सांगू नये.' एसटीचं तिकीट शिरपूरचं होतं.

तुमचा खुलासा मीच भरला: तक्रार खरी, कार्यवाही त्याच आठवड्यात पूर्ण. तक्रारदाराचं नाव हा रकाना रिकामा सोडता येत नाही. शेवटी माझं नाव टाकलं. मेडशीहून येणारी आमची नवी लिपिक मागं उभी राहून वाचत होती.

"सर, मंजे हे तुमीच लिवलं होतं?"

"हो."

"अन् त्यायले खोटं सांगतलं?"

"हो."

ती ओढणीनं कपाळ पुसून आपल्या टेबलाशी गेली.

आता पेटीला नवं कुलूप लागलंय. किल्ली हरवली असं मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं; तेवढं तुमच्याकडून शिकलो. काल सगळे जेवायला गेले असताना पेटी उघडली. एकच चिठ्ठी होती, आणि शिरपूरला जायची वेळ आली नाही: 'कूलर लोकायसाठी आला होता. तो बडेबाबूच्या खोलीत कायले?' अक्षर ओळखीचं आहे, त्या अक्षरातले मसुदे मी रोज फाडतो.

हे पत्र कुठं पाठवायचं? पोर्टलवर तुमच्या पत्त्यापुढे 'लागू नाही' निवडावं लागलं. राहू दे खणात. खुलासा तुमचा होता, तो दिला. माझा एवढाच, की चिठ्ठी कालच वाचली, आणि हे लिहितोय ते कूलरसमोर बसून.