फणसाचा काही दोष नाही

नायगाव, १२ मे २०२५

चि. श्रेयास, नलूआजीचा पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. कागद तुझ्या खोलीत नेऊ देत नाहीत, तर तुझा बाबा फोटो काढून पाठवेल. अक्षराला हसू नको, चौथीत शाळा सुटली माझी.

तुझा बाबा, वैभव, काल परळच्या इस्पितळातून आला नि म्हणाला, ब्लड कॅन्सरच्या औषधाने तुझी ताकद गेली, त्यात फुफ्फुसात फणस झालाय. गरे मीच भरवले ना गो तुला? चांगला कापा होता, बरका नव्हे. एखादी आठळी गेली काय छातीत? तू घरी येईस्तोवर फणसाला शिवणार नाही, देवाला सांगितलंय.

तुझी अपराधी आजी


परळ, १४ मे

ती. आजीस, श्रेयाचा सा. न. वि. वि.

एवढी हसले की सिस्टर धावत आली. अगं, फणस नव्हे, फंगस! म्हणजे बुरशी. ती हवेत, मातीत, ओलीत असतेच. तुम्हा लोकांना काही करत नाही. केमोने माझ्या पांढऱ्या पेशी संपल्यात, म्हणून मला गाठलं. तुझ्या गऱ्यांनी काही झालेलं नाही.

औषध चालू आहे. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. स्कॅनमध्ये डाग कमी दिसला तरच सोडतील, आणि घरात धूळ, ओल, कुंडी नको म्हणतात. आपल्या शेजारची चाळ तर पाडतायत. मग मी येऊ कुठे?

हसून खोकला आलेली,
श्रेया


शीव, १० जून

चि. श्रेयास, आजीचा नव्या घरातून आशीर्वाद. वि. वि.

लिंबाएवढा डाग वाटाण्याएवढा झाला, पांढऱ्या पेशी वाढल्या! मी चाळीत जाऊन साखर वाटली. शेजारचा गंगाधर माझ्याहून बहिरा, तो विचारतो, वाटाणे कुठून आणलेस?

हो, नवं घर. चाळीतली खोली सोडणार नाही म्हणून सगळ्यांशी भांडले होते ना मी? परवा कुलूप लावून आले. इथे भाड्याची का असेना, आठव्या मजल्यावर कोरडी खोली आहे, पाडकामाची धूळ नाही. तुळशीची कुंडी चाळीतल्या लक्ष्मीकडे दिली. तुळशीला म्हटलं, रागावू नको, नात बरी झाली की न्यायला येते.

गोळ्या अजून काही महिने आहेत, तर नाक मुरडू नको.

रविवारी सोडणार म्हणे. फणसाचा दोष नाही हे कळलं, पण देवाला बोललेलं कसं मोडू? रामदासमामाने गावाहून कापा फणस आणलाय. तोही लक्ष्मीकडे, तुळशीशेजारी. पिकून दरवळतोय नुसता. तो काही थांबायचा नाही गो, तूच लवकर ये.

लोभ आहेच, तो वाढवायला घरी ये.

तुझी आजी,
नलू